पर्यावरणाचा शिक्का कसा तपासावा : नाशिककर ग्राहकांसाठी पहिली ओळख

मेन रोडवरच्या जुन्या पेढीत जा किंवा कॉलेज रोडवरच्या चकचकीत मॉलमध्ये, हिरव्या पानाचे चित्र नसलेली वस्तू आता शोधावी लागते. भांडी घासण्याचा साबण, वह्या, तांदूळ, रंगाचा डबा, पंखा, इतकेच काय तर नव्या सदनिकेचे माहितीपत्रक, या सगळ्यांवर कुठे ना कुठे ‘इको’, ‘ग्रीन’, ‘नैसर्गिक’ किंवा ‘पर्यावरणपूरक’ असे काहीतरी छापलेले असते. यातील काही छापांच्या मागे तपासणी, चाचणी आणि परवाना असतो; उरलेल्यांच्या मागे फक्त छपाईचा खर्च असतो. दोन्ही छाप एकाच आकाराच्या आणि एकाच रंगाच्या असल्यामुळे नवख्या ग्राहकाला फरक कळत नाही, आणि विक्रेत्याला बहुतेक वेळा तो सांगता येत नाही. हा लेख अशाच ग्राहकासाठी आहे, म्हणजे ज्याला जास्तीचे दोन पैसे मोजण्यापूर्वी ते कशाचे मोजतो आहोत हे समजून घ्यायचे आहे त्याच्यासाठी.

पुढे बरीच नावे येतील, पण ती पाठ करण्याची गरज नाही. चिन्हे बदलतात, नवी येतात, जुनी मागे पडतात. एक सवय मात्र सर्वत्र उपयोगी पडते : चित्राकडे पाहून झाले की त्याच्या शेजारी परवाना क्रमांक, प्रमाणपत्र क्रमांक, देणाऱ्या संस्थेचे नाव किंवा क्यूआर कोड आहे का, ते पाहावे आणि असल्यास तो तिथल्या तिथे मोबाइलवर तपासावा. क्रमांक नसलेले पान हे केवळ चित्र आहे असे धरून चालावे. तो नियम काही वेळा एखाद्या प्रामाणिक छोट्या उत्पादकावर अन्याय करील, आणि त्याचा विचार पुढे सेंद्रिय मालाच्या भागात केला आहे.

पायरी पहिली : दावा कोण करत आहे ते पाहावे

पर्यावरणविषयक छापांची जगभर तीन प्रकारांत विभागणी केली जाते आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानके आहेत. पहिल्या प्रकारात त्रयस्थ संस्था निकष ठरवते, वस्तू तपासते आणि चिन्ह वापरण्याचा परवाना देते. यासाठीचे मानक आयएसओ १४०२४ हे आहे. दुसऱ्या प्रकारात उत्पादक स्वतःच आपल्या वस्तूबद्दल विधान करतो, उदाहरणार्थ ‘पुनर्वापरित कागदापासून बनवलेले’. हे आयएसओ १४०२१ मध्ये येते. तिसऱ्या प्रकारात वस्तूच्या संपूर्ण आयुष्यातील ऊर्जा, पाणी, उत्सर्जन यांची मोजमापे जाहीर केली जातात. त्यासाठी आयएसओ १४०२५ आहे. हा तिसरा प्रकार मुख्यतः सिमेंट, काच, पोलाद अशा बांधकाम साहित्यात दिसतो आणि किराणा आणायला निघालेल्या माणसाला त्याची फारशी गरज पडत नाही.

पहिल्या प्रकारातील सर्वांत जुने चिन्ह जर्मनीचे ‘ब्ल्यू एंजल’ आहे, जे १९७८ पासून चालू आहे. भारताने १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ आणला. मातीच्या मडक्याचे त्याचे चिन्ह मला आजही या सगळ्या गर्दीत सर्वांत सुरेख वाटते. पण दुर्दैव असे की, गुणवत्तेचे भारतीय मानक आणि पर्यावरणाचे निकष असे दोन्ही पूर्ण करण्याची अट असूनही, किंवा कदाचित त्या अटीमुळेच, फार थोड्या कंपन्यांनी तो घेतला आणि बहुसंख्य ग्राहकांनी ते मडके कधी पाहिलेच नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये नवे इकोमार्क नियम अधिसूचित करून जुनी योजना बदलली आणि अंमलबजावणीची जबाबदारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, भारतीय मानक ब्यूरोच्या साथीने, सोपवली. त्यामुळे यापुढे ते मडके एखाद्या वस्तूवर दिसले तर त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये.

पायरी दुसरी : पर्यावरणाशी संबंध नसलेले शिक्के बाजूला काढावेत

आपला निम्मा गोंधळ इथेच मिटतो. आयएसआय चिन्ह वस्तू मानकाप्रमाणे आहे एवढे सांगते. त्याखाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, जो मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो. क्रमांक तपासण्याचा सराव करायचा असेल तर घरातल्या प्रेशर कुकरपासून सुरुवात करावी. ॲगमार्क हे शेतमालाच्या प्रतवारीचे चिन्ह आहे. अन्नपदार्थाच्या पुडीवरचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक हा अन्न व्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी आहे. तो वेफर्सच्या पुडीवरही असतो, त्यामुळे ‘आमच्याकडे सरकारी नंबर आहे’ असे सांगून कोणी सेंद्रिय गूळ विकत असेल तर तो नंबर नेमका कशाचा, हे विचारावे.

येवल्याच्या पैठणीवर दिसणारा सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याची ग्वाही देतो आणि हँडलूम मार्क ती हातमागावर विणल्याची. रंगकामाचे सांडपाणी कुठे गेले याबद्दल दोन्ही गप्प असतात. भौगोलिक मानांकनाचेही तसेच आहे. नाशिकची द्राक्षे, लासलगावचा कांदा आणि नाशिक व्हॅलीची वाइन यांना ते मिळालेले आहे, त्याचा अभिमानही रास्त आहे, पण ते मूळ ठिकाणाचे आणि त्या ठिकाणामुळे आलेल्या गुणांचे प्रमाण आहे, शेती कोणत्या पद्धतीने केली याचे नव्हे.

प्लास्टिकच्या डब्याखाली बाणांच्या त्रिकोणात एक ते सात यांपैकी एक आकडा असतो. तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. तो डबा पुनर्वापरित मालातून बनला आहे किंवा तुमच्या गावात त्याचा पुनर्वापर होतोच आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना अनेक फाटकांवर ‘आयएसओ १४००१ प्रमाणित’ अशी पाटी दिसते. ही पाटी खोटी नसते, परंतु तिचा अर्थ मर्यादित आहे. त्या कारखान्याने आपल्या पर्यावरणविषयक कामकाजाची लिखित व्यवस्था उभारली आहे आणि तिची तपासणी बाहेरच्या संस्थेने केली आहे, इतकेच ती सांगते. प्रमाणपत्र स्वतः आयएसओ ही संघटना देत नाही, आणि कारखान्यातून बाहेर पडणारी वस्तू हिरवी आहे असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. लघुउद्योगांसाठी केंद्र सरकारच्या ‘झेड’ योजनेत मिळणारे कांस्य, रौप्य आणि सुवर्ण दर्जेही उद्योगाला मिळतात, वस्तूला नाही.

पायरी तिसरी : विजेच्या उपकरणांवरचे तारे नीट वाचावेत

घरगुती खरेदीत सर्वाधिक भरवशाचे आणि सर्वाधिक चुकीचे वाचले जाणारे चिन्ह हे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे, म्हणजे ‘बीईई’चे तारे आहे. ही योजना २००६ मध्ये सुरू झाली. वातानुकूलन यंत्र, फ्रिज, गिझर, रंगीत टीव्ही, एलईडी दिवे यांसारख्या वस्तूंना ते लेबल बंधनकारक आहे आणि १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही ते सक्तीचे झाले. दुकानदार तारे मोजून दाखवतो. ग्राहकाने मात्र ताऱ्यांच्या खालचा मजकूर वाचावा.

त्या मजकुरात प्रथम लेबलचा कालावधी पाहावा. ताऱ्यांचे निकष ठरावीक काळाने कडक केले जातात, म्हणून जुन्या कालावधीतील पाच तारे आणि नव्या कालावधीतील पाच तारे सारखे नसतात. जुलै २०२२ मध्ये वातानुकूलन यंत्रांचे निकष बदलले तेव्हा आदल्या दिवसापर्यंत पाच तारे मिरवणारे यंत्र नव्या कोष्टकात साधारण चार ताऱ्यांवर आले. हंगाम संपताना मोठ्या सवलतीत मिळणारा ‘फाइव्ह स्टार’ माल पुष्कळदा असा मागच्या कालावधीचा असतो. तो घेण्यात काही गैर नाही, फक्त त्याची किंमत चार ताऱ्यांची असावी.

त्यानंतर वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडा पाहावा. वातानुकूलन यंत्राच्या लेबलवरचा आकडा वर्षाला १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो, आणि नाशिकच्या दृष्टीने खरी मेख इथे आहे. समजा, एका यंत्राच्या लेबलवर वर्षाला १००० युनिट आणि दुसऱ्यावर ७६० युनिट असे लिहिले आहे. फरक २४० युनिटांचा दिसतो. परंतु आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी बहुतेक रात्री सुसह्य असतात. एखाद्या कुटुंबाने मार्च ते जूनमध्ये ७५ रात्री, रोज सात तास यंत्र चालवले तर वापर ५२५ तासांचा, म्हणजे १६०० च्या सुमारे एकतृतीयांश होतो. मग बचतही ८० युनिटांच्या आसपास येते. युनिटचा दर आपल्या बिलावरून घ्यावा. सोयीसाठी दहा रुपये धरला तर वर्षाला ८०० रुपये वाचतात. दोन यंत्रांच्या किमतीत आठ हजारांचा फरक असेल तर तो भरून निघायला दहा वर्षे लागतात. मुंबईत वर्षातले आठ महिने यंत्र चालवणाऱ्याचे गणित वेगळे आणि आपले वेगळे. म्हणून माझे मत असे की, नाशिकच्या घरात जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर ते आधी फ्रिजवर घालावेत, कारण तो वर्षभर, दिवसरात्र चालतो आणि त्याच्या लेबलवरच्या युनिटांतील फरक आपल्या सवयींवर अवलंबून न राहता जवळजवळ पूर्णपणे पदरात पडतो.

पंख्याचेही तेच. नेहमीचा जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, तर बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला दहा तास, वर्षातले आठ महिने, असा वापर धरला तर एका पंख्यामागे वर्षाला १०८ युनिट वाचतात, म्हणजे वरच्या उदाहरणातील वातानुकूलन यंत्रापेक्षा जास्त.

तारे फक्त विजेबद्दल बोलतात. यंत्रातील वायूबद्दल ते काही सांगत नाहीत, आणि वायू गळाला तर तापमानवाढीवर होणारा त्याचा परिणाम विजेच्या बचतीइतकाच महत्त्वाचा ठरू शकतो. यासाठी यंत्राच्या अंगावरची धातूची किंवा चिकटवलेली पट्टी पाहावी. तिथे शीतक वायूचे नाव असते. ‘आर-३२’ या वायूची तापमानवाढीची क्षमता ‘आर-४१०ए’च्या सुमारे एकतृतीयांश आहे, आणि ‘आर-२९०’, म्हणजे प्रोपेनची, त्याहूनही कितीतरी कमी. घरगुती फ्रिजमध्ये आता बहुधा ‘आर-६००ए’ असतो आणि तो या दृष्टीने चांगला आहे. दरवर्षी ‘गॅस कमी झाला, भरावा लागेल’ असे सांगणाऱ्या कारागिराला आधी गळती शोधायला सांगावे, कारण बंद नळ्यांमधला वायू आपोआप संपत नाही.

लेबल खरे आहे की नाही हे ‘बीईई स्टार लेबल’ या ॲपवर कंपनी आणि मॉडेल क्रमांक टाकून तपासता येते. लेबलवरचा, यंत्राच्या पट्टीवरचा आणि बिलावरचा मॉडेल क्रमांक एकच असला पाहिजे.

पायरी चौथी : ‘सेंद्रिय’ म्हणजे काय ते कागदावर पाहावे

या विषयात नाशिककर ग्राहक एका अर्थाने भाग्यवान आहे, कारण दिंडोरी, निफाड, पिंपळगावची शेती त्याच्या शेजारी आहे आणि शेतकऱ्याला समोरासमोर विचारता येते. पण विचारायचे काय, हे ठाऊक हवे.

भारतात सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या दोन मान्य पद्धती आहेत. पहिली ‘एनपीओपी’, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, जो २००१ पासून चालू असून ‘अपेडा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कृषी निर्यात विकास प्राधिकरणाच्या, देखरेखीखाली आहे, यात मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करते. दुसरी ‘पीजीएस-इंडिया’, ज्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून एकमेकांची हमी घेतो. पहिली खर्चिक आणि कागदपत्रांनी भरलेली, निर्यातीला चालणारी. दुसरी स्वस्त, देशांतर्गत बाजारापुरती. दुसरीला कमी लेखण्याची एक फॅशन आहे. ती मला पटत नाही, कारण बांधाला बांध लागून असलेल्या माणसाला शेजाऱ्याने रात्री काय फवारले हे वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसापेक्षा बरेचदा अधिक कळते. अर्थात, गटाने आपसांत सांभाळून घेतले तर तीच जवळीक दोष ठरते.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नविषयक नियम २०१७ मध्ये आले आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाले. त्यानुसार ‘सेंद्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद अन्नावर वरील दोनपैकी एका पद्धतीचे प्रमाणीकरण असले पाहिजे. ‘जैविक भारत’ हे चिन्ह त्याच व्यवस्थेतून आले. लहान मूळ उत्पादक थेट ग्राहकाला माल विकत असेल तर त्याला प्रमाणीकरणाच्या सक्तीतून सूट आहे, मात्र त्याला ‘जैविक भारत’ चिन्ह वापरता येत नाही. म्हणूनच आठवडे बाजारात टोपली घेऊन बसलेल्या शेतकऱ्याकडे चिन्ह नाही एवढ्यावरून त्याला खोटे ठरवू नये. त्याच्या मालावर प्रमाणपत्राचा विश्वास नसून ओळखीचा विश्वास आहे, एवढे मनाशी स्पष्ट असावे, आणि जमल्यास एकदा त्याच्या शेतावर जाऊन यावे.

प्रमाणपत्र असल्याचे सांगणाऱ्याकडे ते पाहायला मागावे. मोबाइलवरची प्रत चालेल. एनपीओपीच्या प्रमाणपत्रावर शेतकऱ्याचे किंवा गटाचे नाव, प्रमाणित पिकांची यादी, क्षेत्र आणि मुदत असते. वाचताना बहुतेकांची नजर नावावर थांबते, तर खोच पिकांच्या यादीत असते. पाच एकरांपैकी एका एकरातील हळद प्रमाणित असणारा शेतकरी तेच प्रमाणपत्र दाखवून चार एकरांतील टोमॅटोही सेंद्रिय म्हणून विकू शकतो. त्यामुळे आपण घेत असलेले पीक यादीत आहे का, आणि मुदत संपलेली नाही ना, या दोन ओळी वाचल्याशिवाय प्रमाणपत्र परत देऊ नये.

रूपांतराचा काळही समजून घ्यावा. रासायनिक शेती सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी शेत सेंद्रिय होत नाही. एनपीओपीमध्ये हंगामी पिकांसाठी किमान दोन वर्षे आणि द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकांसाठी तीन वर्षे जावी लागतात. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ असे चिन्ह दिसले तर तो माल रूपांतर काळातला आहे. पूर्ण झालेल्या शेताला ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ मिळते. रूपांतर काळातल्या शेतकऱ्याचे उत्पन्न घटलेले असते आणि भाव मात्र सेंद्रियचा मिळत नाही, तेव्हा ज्याला खरोखर मदत करायची आहे त्याने ‘ग्रीन’ चिन्हाचा माल मुद्दाम घ्यावा असे मी म्हणेन.

द्राक्षाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण जानेवारी ते एप्रिलमध्ये नाशिकच्या हातगाड्यांवर ‘सेंद्रिय’, ‘रेसिड्यू फ्री’ आणि ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ हे तीन शब्द एकाच अर्थाने ओरडले जातात. ते तीन वेगळे दावे आहेत. ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ म्हणजे मण्याचा आकार, साखर आणि घडाचे रूप निर्यातीच्या प्रतीचे आहे. ‘रेसिड्यू फ्री’ म्हणजे काढणीच्या वेळी औषधांचे उर्वरित अंश ठरवलेल्या मर्यादेखाली आहेत. हंगामात रासायनिक फवारण्या झालेल्याच नाहीत, असे ते सांगत नाही. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी ‘अपेडा’ची ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था २००६ पासून आहे. तिच्यात बागेची नोंदणी होते, मान्य प्रयोगशाळेत नमुने तपासले जातात आणि पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो. ही व्यवस्था काटेकोर आहे, पण ती अंश आणि माग यांची आहे; पर्यावरणाचे प्रमाणपत्र नव्हे. उलट, सेंद्रिय द्राक्ष म्हणजे फवारणीच नाही, ही समजूतही चुकीची आहे. डाऊनी आणि भुरी या रोगांपुढे आपल्या हवेत फवारणीविना बाग टिकवणे फार अवघड असते, आणि सेंद्रिय नियमांतही बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे निळसर द्रावण) व गंधक यांना मर्यादेत आणि प्रमाणीकरण संस्थेच्या संमतीने परवानगी आहे. म्हणून मण्यावर निळसर डाग दिसला म्हणजे फसवणूक झाली असे नाही, आणि घड चकचकीत आहे म्हणजे तो निर्विष आहे असेही नाही.

पायरी पाचवी : कागद, कापड आणि पिशवी

जूनमध्ये वह्या घेताना मागच्या मुखपृष्ठावर ‘एफएससी’चे झाड आणि बरोबरची खूण दिसू शकते. जंगलांचे जबाबदार व्यवस्थापन प्रमाणित करणारी ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली असून तिचे चिन्ह तीन प्रकारांत येते. ‘१०० टक्के’ म्हणजे सर्व लगदा प्रमाणित जंगलातला, ‘रिसायकल्ड’ म्हणजे वापरलेल्या कागदाचा, आणि ‘मिक्स’ म्हणजे मिश्र. चिन्हाजवळ ‘एफएससी-सी’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो व तो संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येतो. एक गोष्ट छापखानेवाल्यांनाही अनेकदा माहीत नसते : प्रमाणित कागद विकत आणला म्हणून कोणालाही लग्नपत्रिकेवर ते चिन्ह छापता येत नाही, जंगलापासून छापखान्यापर्यंतच्या साखळीत छापखानाही प्रमाणित असावा लागतो.

कापडात ‘गॉट्स’ आणि ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ ही दोन नावे भेटतात. ‘गॉट्स’मध्ये सेंद्रिय धागा किमान ७० टक्के लागतो, आणि ‘ऑरगॅनिक’ असे सरळ लिहायचे तर ९५ टक्के; शिवाय रंगकाम आणि सांडपाण्याच्या अटी असतात. ‘ओको-टेक्स’चे हे लेबल तयार कापडात घातक रसायने मर्यादेपेक्षा जास्त नाहीत एवढे सांगते. तान्ह्या बाळाच्या झबल्यासाठी ते पुरेसे आहे, पण कापूस सेंद्रिय होता असा त्याचा अर्थ नाही.

भाजीबाजारातील ‘मी प्लास्टिक नाही’ अशा अर्थाच्या मजकुराच्या पातळ पिशव्यांकडे विशेष लक्ष द्यावे. कंपोस्ट होणारी पिशवी बनवणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पिशवीवर उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक असावा लागतो, आणि अशा उत्पादकांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. क्रमांक खरा असला तरी ती पिशवी कुजण्यासाठी सतत उष्णता आणि ओलावा असलेला मोठा खतप्रकल्प लागतो. गच्चीवरच्या कुंडीत ती महिनोन्‌महिने तशीच राहू शकते, आणि घंटागाडीवरच्या कामगाराला ती इतर प्लास्टिकपासून वेगळी ओळखू येत नाही. कापडी पिशवी नेणे हा यावरचा जुना आणि प्रमाणपत्र न लागणारा उपाय आहे.

पायरी सहावी : सणासुदीची खरेदी

दिवाळीत ‘ग्रीन’ फटाक्यांच्या खोक्यावर ‘सीएसआयआर-नीरी’ या नागपूरच्या संस्थेचे हिरवे चिन्ह आणि क्यूआर कोड असायला हवा. या फटाक्यांतून सूक्ष्म कण नेहमीच्या फटाक्यांपेक्षा किमान ३० टक्क्यांनी कमी निघावेत अशी अपेक्षा आहे, म्हणजे सत्तर टक्क्यांपर्यंत धूर उरतोच. बनावट चिन्हेही सर्रास छापली जातात, त्यामुळे कोड स्कॅन करून उत्पादकाचे आणि फटाक्याचे नाव खोक्यावरच्या नावाशी जुळते का, हे पाहूनच पैसे द्यावेत.

गणेशमूर्तीच्या बाबतीत क्रमांकाचा नियम लागू करता येत नाही, कारण ‘इको-फ्रेंडली बाप्पा’ या पाटीमागे तपासता येईल असा परवाना क्रमांक नसतो. केंद्रीय मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना नैसर्गिक माती आणि बिनविषारी रंगांची शिफारस करतात. मूर्ती शाडूची आहे का, रंग कोणता आणि आत काय भरले आहे, हे मूर्तिकाराला विचारून बिलावर लिहून घ्यावे. बिलावर ‘शाडू’ असे लिहायला जो का कू करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

पायरी सातवी : घर, हॉटेल आणि वीजपुरवठा

गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याकडच्या गृहप्रकल्पांच्या माहितीपत्रकात ‘ग्रीन बिल्डिंग’ हा शब्द असतोच. आपल्याकडे मुख्यतः ‘आयजीबीसी’ आणि ‘गृह’ या दोन मूल्यांकन पद्धती आहेत. पहिली सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे दर्जे देते आणि दुसरी एक ते पाच तारे. बिल्डरला दोन प्रश्न लेखी विचारावेत. हे प्रमाणपत्र पूर्वप्रमाणपत्र आहे की अंतिम? पूर्वप्रमाणपत्र आराखड्यावर मिळते, इमारत उभी राहण्यापूर्वी. अंतिम प्रमाणपत्र बांधकामानंतर. आणि ते याच टप्प्याचे, याच इमारतीचे आहे का? राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत हरित इमारतींना वाढीव चटई क्षेत्राची सवलत आहे, म्हणजे ‘हरित’ ठरण्यात बिल्डरचा स्वतःचाही फायदा असतो. महारेराचा क्रमांक ही प्रकल्पाची नोंदणी आहे, त्याचा हरितपणाशी संबंध नाही.

हॉटेलांसाठी केंद्र सरकारचे ‘स्वच्छता ग्रीन लीफ’ हे २०२३ मधले मानांकन आहे. त्यात मैला, घनकचरा आणि सांडपाणी यांची विल्हेवाट पाहिली जाते. सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या पाहुण्यांची सोय करताना गोदावरीच्या दृष्टीने नेमका तोच प्रश्न कळीचा आहे, म्हणून टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणाऱ्या कार्डापेक्षा सांडपाणी कुठे जाते, हे स्वागतकक्षात विचारणे जास्त उपयोगाचे.

महावितरणच्या ग्राहकाला युनिटमागे ठरावीक जादा दर देऊन पूर्णपणे नवीकरणीय वीज मागता येते आणि तसे प्रमाणपत्रही मिळते. तारेतून येणारी वीज तीच असते. आपल्या वापराइतकी हरित वीज महावितरणच्या हिशेबात धरली जाते. छोट्या कॅफेने किंवा दुकानाने ‘आम्ही हरित विजेवर चालतो’ अशी पाटी लावली असेल तर हे प्रमाणपत्र मागायला हरकत नाही.

पायरी आठवी : संशय आला तर

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये खोट्या हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ यांसारखे मोघम शब्द पुरेशा खुलाशाविना आणि पुराव्याविना वापरता येत नाहीत. दावा वस्तूबद्दल आहे, वेष्टनाबद्दल की निर्मितीच्या प्रक्रियेबद्दल, हे कंपनीने सांगितले पाहिजे, आणि ‘अमुक सालापर्यंत आम्ही कार्बनमुक्त होऊ’ असे भविष्यातले वचन ठोस आराखडा असल्याशिवाय देता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते.

सुरुवात कंपनीला लिहिण्यापासून करावी. पत्र लांबलचक नको. पुढील मजकूर पुरेसा होतो : ‘आपल्या अमुक वस्तूवर “शंभर टक्के पर्यावरणपूरक” असे छापलेले आहे. हे विधान वस्तूबद्दल आहे की वेष्टनाबद्दल, ते कोणत्या संस्थेने तपासले आणि त्याचा प्रमाणपत्र क्रमांक काय, हे कृपया कळवावे.’ सोबत वेष्टनाच्या सर्व बाजूंची छायाचित्रे, बॅच क्रमांक आणि बिल जोडावे. प्रमाणपत्र खरे असलेली कंपनी सहसा चटकन उत्तर देते, कारण तिला ते दाखवायचेच असते. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, किंवा क्रमांकाऐवजी आपल्या मूल्यांबद्दलचा निबंध आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आर्थिक नुकसानभरपाई हवी असेल तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते, आणि ती तक्रार ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येते. तेथे मूळ वेष्टन पुरावा म्हणून लागू शकते, म्हणून प्रकरण मिटेपर्यंत ते बिलासह जपून ठेवावे.